स्पायनलनंतर बीपी पडलं: फिनाइलेफ्रिन की मेफेंटरमिन?

सिझेरियनसाठी स्पायनल (कण्यात सुई घालून दिलेली भूल) दिलं की रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या सिम्पथेटिक नसा बधिर होतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि काही मिनिटांत बीपी घसरतं. कफचा आकडा येण्याआधी बऱ्याचदा पेशंटच सांगते, "डॉक्टर, मळमळतंय." तेव्हा कुठली सिरिंज उचलायची हे नव्या रेसिडेंटने नाडी बघून ठरवावं, नुसतं बीपी बघून नाही.

फिनाइलेफ्रिन जवळपास फक्त रक्तवाहिन्यांमधल्या अल्फा-१ रिसेप्टरवर काम करतं. वाहिन्या आवळल्या जातात, बीपी मिनिटाभरात सावरतं. पण त्याला प्रतिसाद म्हणून बॅरोरिसेप्टर (रक्तदाब ओळखणारे संवेदक) नाडी मंद करतात आणि कार्डियाक आउटपुट, म्हणजे हृदय मिनिटाला फेकतं ते रक्त, तेही उतरतं. नाडी ११० असेल तर हेच औषध हवं. ५५ असेल तर नको. ते दिल्यावर नाडी मंद पण बीपी चांगलं असेल, तर औषध थांबवून वाट बघा. घाईने अॅट्रोपिन दिलं तर बीपी भलतंच चढू शकतं.

मेफेंटरमिन आपल्याकडच्या ओटींत सर्रास असतं. ते मुख्यतः मज्जातंतूंच्या टोकांतलं नॉरअॅड्रिनॅलिन बाहेर काढतं. हृदयावरच्या बीटा रिसेप्टरच्या परिणामामुळे आकुंचन जोरकस होतं, म्हणून मंद नाडीला हे बरं. सुरुवातीला ६ मिलिग्रॅम पुरतात. मात्र साठा संपत जातो तसा पुढचा डोस कमी लागू पडतो. दोन-तीन डोसांनी बीपी हललं नाही, तर आणखी भरत बसू नका. रक्तस्राव बघा, गर्भाशय डावीकडे सरकवलंय का बघा.

बाळाच्या बाजूने फिनाइलेफ्रिन सरस. मेफेंटरमिनसारखंच काम करणारं एफेड्रिन वार ओलांडतं, बाळाचा चयापचय वाढवतं आणि नाळेतल्या रक्ताचा पीएच उतरवतं. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनेही फिनाइलेफ्रिनलाच पसंती दिली. माझीही पहिली पसंती तीच, एक अट सांभाळून. अँप्युल १० मिलिग्रॅमचं आणि बोलस (एका दमात द्यायचा डोस) ५० ते १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे अख्ख्या अँप्युलचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. १०० मिली सलाईनमध्ये अँप्युल घाला, लेबल लावा, दुसऱ्याकडून तपासून घ्या. रात्री एकटे असाल आणि डायल्युशनची (औषध पातळ करण्याची) खात्री नसेल, तर मेफेंटरमिनच वापरा.

नॉरअॅड्रिनॅलिन हा तिसरा पर्याय. अल्फासोबत थोडा बीटा असल्याने नाडी फिनाइलेफ्रिनइतकी पडत नाही. साधारण ८ मायक्रोग्रॅम म्हणजे फिनाइलेफ्रिनचे १००. डायल्युशनची शिस्त इथे आणखी कडक हवी.

प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) असेल तर तिन्हींपैकी कुठलंही औषध कमी डोसाने सुरू करा.