परदेशातील नोकरी: राहण्याचा हक्क आपला की मालकाचा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काही वर्षे कास्टिंगचे वा सीएनसीचे काम केलेला इंजिनिअर परदेशाचा विचार करू लागला की आधी पगाराची चौकशी करतो. त्याहून आधी पाहावे ते हे की, तिथे राहण्याचा हक्क मालकावर कितपत अवलंबून असेल.

अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी, म्हणजे कुशल कर्मचाऱ्यांच्या नोकरी-व्हिसासाठी, अर्ज उमेदवार नव्हे, कंपनी करते. वर्षाला ६५,००० आणि तिथल्या मास्टर्स पदवीधारकांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा असल्याने कंपनी राजी असली तरी निवडीत नाव लागावे लागते. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने अमेरिकेबाहेरून नव्याने बोलावल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यामागे १ लाख डॉलरचा भार मालकावर टाकला आहे. नोकरी गेली तर हाती जास्तीत जास्त ६० दिवस उरतात आणि तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज दाखल करावा लागतो. ग्रीन कार्डसाठीही, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्यासाठीही, बहुतेकांना मालकाचाच आधार लागतो, आणि भारतीयांची ती रांग अनेक वर्षांची आहे. इतकी वर्षे कुशल माणसाला वाजवी पगार मागतानाही कचरावे लागावे, हे मला मुळीच मान्य होत नाही.

जर्मनीच्या ब्ल्यू कार्डलाही, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या वास्तव्य परवान्यालाही, नोकरीचा करार लागतो, परंतु बांधिलकी लवकर सैल होते. पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलताना परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावे लागते. पुढे ती अट राहत नाही. कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा बी-१ (मध्यम) पातळीपर्यंत येत असल्यास २१ महिन्यांनी मागता येतो. जून २०२४ पासून सुरू झालेल्या संधी कार्डावर, गुण आणि खर्चाची तजवीज दाखवून, नोकरी नसतानाही वर्षभर तिथे राहून ती शोधता येते. मी सांगेन तर फौंड्री आणि मशीनशॉपचा अनुभव असलेल्या इंजिनिअरने जर्मनीच निवडावी, आणि भाषेचा वर्ग आजच लावावा.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायम रहिवासी निवडण्याच्या पद्धतीत, वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांचे गुण मोजले जातात; नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले गेले. कायम रहिवासी म्हणून गेलेला माणूस कोणत्याही मालकाचा बांधील नसतो, मात्र नोकरी त्याची त्यानेच शोधायची असते.

इथे एक मालक मात्र महत्त्वाचा ठरतो, तो कोल्हापुरातला. उद्यमनगरातल्या लहान कारखान्यांतून मिळणारे "यांनी आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली" एवढेच दाखला-पत्र कॅनडाला पुरत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर पद, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, पगार आणि कालावधी असे सगळे लिहिलेले, सहीचे पत्र लागते. नोकरी सोडल्यावर ते मिळवणे कठीण जाते. म्हणून राजीनामा देण्याआधीच ते मागून घ्यावे.