'फॉर्मॅलिटी आहे, ओटीपी सांगा'

माझ्या नावावर ९६ हजारांचं कर्ज आहे, हे मला कर्ज झाल्यावर साडेपाच महिन्यांनी कळलं. तेसुद्धा वसुलीवाल्याने उमरेडला बाबांच्या किराणा दुकानात फोन केला म्हणून. बाबा तूरडाळ तोलत होते, हात मोकळा नव्हता, त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. समोर चार गिऱ्हाईकं उभी. "तुमचा मुलगा हप्ता भरत नाहीये" हे वाक्य माझ्याआधी आमच्या अख्ख्या आळीने ऐकलं.

मी मेकॅनिकलचा, २०२१ पासआउट. आमची कोविड बॅच, शेवटची दोन सेमिस्टर ऑनलाइन दिलेली म्हणून इंटरव्ह्यूत हसून विचारायचे, "मोबाईलवर इंजिनिअर झाले का?" सप्टेंबर २०२१ पासून नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटदाराच्या नावावर लागलो. हातात यायचे १२ हजार, पीएफ कापून. हा पीएफ लक्षात ठेवा, पुढे त्यानेच मला पकडलं.

त्रिमूर्तीनगरच्या खोलीत आम्ही तिघं. त्यातला एक मिहानमध्ये आयटीत होता. तो रात्री एसी बसमधून उतरायचा आणि मी हाताला ग्रीस लागलेला, डबा घेऊन. तो म्हणायचा, "काय करून राह्यला बे तू तिथं? जावा शिक, टेस्टिंग शिक, निघ." त्याचं चुकलं नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये मी काम सोडलं.

आयटी पार्कजवळ गायत्रीनगरच्या बाजूला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती ट्रेनिंग संस्था होती. नाव लिहीत नाही, कारण ते नाव आता कुठेच नाही. आता विचार केला की वाटतं, त्यांनी जागा फार हुशारीने निवडली होती. समुपदेशनाची खोली अशी, की बोलणाऱ्याच्या पाठीमागे मोठी खिडकी आणि खिडकीत काचेच्या उंच इमारती. तुम्ही ऐकता त्यांचं आणि बघता ते काचेचं.

आणि ऐकवलं काय? तर सगळं खरं. म्हणूनच हे लिहायला बसलो. लोकांना वाटतं, ठग म्हणजे थापाड्या. आमच्या सरांनी पहिला अर्धा तास एकही थाप मारली नाही. भारतातली आयटी उभी राहिली ती अमेरिकेच्या कामावर. वायटूकेच्या (सन २००० लागताना संगणकांतल्या तारखांचा घोळ झाला त्या) वेळी त्यांना स्वस्तात हजारो हात हवे होते आणि आपल्याकडे ते होते. त्यांची रात्र म्हणजे आपला दिवस, काम चोवीस तास चालतं. फ्रेशरचं पॅकेज दहा-बारा वर्षांपासून तीन-साडेतीन लाखांवरच अडकलंय. २०२२ मध्ये ऑफर लेटर हातात आलेली मुलं दोन-दोन वर्षं जॉइनिंगची वाट बघून राह्यली आहेत. साधं कोडिंग आता मशीन करायला लागलं, म्हणून कंपन्यांना फ्रेशर नको, अनुभवी पाहिजे. यातलं काय खोटं? मी खोलीवर जाऊन एकेक गोष्ट मोबाईलवर तपासली आणि प्रत्येक खरी निघाली. मग एकतिसाव्या मिनिटाला त्यांनी जे सांगितलं ते तपासायचं सुचलंच नाही.

एकतिसाव्या मिनिटाचं वाक्य असं: "आमच्याकडे अमेरिकेतल्या क्लायंटचं आउटसोर्स झालेलं काम आहे. तुम्ही शिकता शिकता लाइव्ह प्रोजेक्टवर बसणार. सहा महिन्यांनी तुम्ही फ्रेशर राहतच नाही. आणि फी? प्लेसमेंटनंतर."

रजिस्ट्रेशनचे १५ हजार तेवढे आधी. ते मी यूपीआयने दिले. समोर नाव आलं ते संस्थेचं नव्हतं, कुण्या माणसाचं होतं. विचारलं, तर म्हणाले, "अकाउंटंटचं आहे, जीएसटीचं काम चालू आहे." मी मान डोलावली. गावाकडे दुकानदाराच्या बायकोच्या नावावर पैसे पाठवायची सवय आपल्याला असतेच.

मग मॅडम आल्या. फार गोड बाई. "दादा, उरलेल्या फीची एक फॉर्मॅलिटी आहे, पाच मिनिटं. आधार, पॅन द्या." सेल्फी घेतला, डोळे मिचकवायला लावले. ओटीपी आला, सांगितला. दुसरा आला, सांगितला. तिसरा बँकेचा होता. त्यात 'मॅन्डेट' (खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी) असा शब्द होता आणि तो मी वाचला होता. हे मी कबूल करतो. वाचला, आणि तरी आकडे सांगितले. कारण बाजूच्या टेबलावर माझ्यासारखीच तीन पोट्टी आपापले आकडे सांगत होती. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या खात्यातून दर महिन्याच्या ५ तारखेला ४ हजार जाताना दिसतील, घाबरू नका, आदल्या दिवशी आम्ही तेवढेच टाकतो. नोकरी लागली की तुम्ही भरायचे. नाही लागली तर आम्ही आहोत ना." संदर्भ म्हणून घरचा एक नंबर मागितला. मी बाबांचा दिला.

एप्रिल ते जुलै खरोखर ४ तारखेला ४ हजार जमा व्हायचे आणि ५ ला कापले जायचे. इतके नेमाने, की माझा विश्वास उलट वाढला.

पहिल्याच दिवशी गळ्यात निळी रिबिन आणि ओळखपत्र. दुपारी आम्ही चौतीस जण खाली खाऊगल्लीत पोहे खायला उतरायचो, रिबिन न काढता. त्या रस्त्यावर सगळ्यांच्याच गळ्यात रिबिनी असतात. आपण त्यातले झालो, असं वाटायचं. या रिबिनीचे १५ हजार मी आजही द्यायला तयार झालो असतो, इतकं ते बरं वाटायचं.

आणि लाइव्ह प्रोजेक्ट. सकाळी साडेसातला क्लायंटचा कॉल. क्लायंट डॅलसचा, कॅमेरा बंद. तिकडे रात्रीचे नऊ, म्हणून आवाज थकलेला. एका सकाळी माईकसाहेब रिक्वायरमेंट सांगत असताना त्यांच्या मागे महानगरपालिकेची कचरागाडी गाणं वाजवत गेली. स्पष्ट ऐकू आलं. दोन मिनिटांनी तीच गाडी आमच्या इमारतीखालून गेली. एक पोट्टा म्हणाला, "अबे, डॅलस तर प्रतापनगरातच आहे!" आम्ही पोट धरून हसलो आणि पुन्हा कामाला लागलो. एकानेही वर जाऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर रिबिन काढावी लागली असती ना. नंतर कळलं, तो प्रोजेक्ट म्हणजे इंटरनेटवर सरावासाठी फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर होतं, फक्त लोगो बदललेला.

आता जे सांगतो, त्यात मी नुसता फसलेला नाही, फसवणाराही आहे. ऑगस्टमध्ये सर म्हणाले, फ्रेशर म्हणून काही होत नाही, तुम्हाला तीन वर्षांचा एक्सपिरियन्स देऊ. हैदराबादच्या एका कंपनीचं लेटर, पगाराच्या पावत्या, सगळा संच, वरचे ८ हजार. "सगळेच करतात." मी चार दिवस नाही म्हणालो आणि पाचव्या दिवशी पैसे दिले. त्या कागदांवर पुण्याच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला, आणि खरं सांगतो, इंटरव्ह्यू मी माझ्या बळावर काढला. जावा मला येत होतं. ४ लाख ८० हजारांची ऑफर आली. आईने उमरेडला पेढे वाटले.

ऑक्टोबरमध्ये पार्श्वभूमी तपासणीवाल्या एजन्सीने पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागितली. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, एकच असतो आणि त्यात कुठल्या मालकाकडे कधीपासून कधीपर्यंत हे छापून येतं. लेटरप्रमाणे मी जून २०२१ ते मे २०२४ हैदराबादला सॉफ्टवेअर लिहीत होतो. पीएफप्रमाणे त्याच काळात सप्टेंबर २०२१ ते जानेवारी २०२४ हिंगण्यात कंत्राटी कामगार होतो, आणि हैदराबादच्या कंपनीचा एक रुपयाही जमा नव्हता. एचआरच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "दोन्हींतलं खरं कुठलं?" मी म्हणालो, "हिंगण्याचं." ऑफर गेली. त्या कंपनीत पुन्हा अर्ज करू नका, असं पत्र आलं. पोटापाण्यासाठी केलेली ती बारा हजारांची खरी नोकरी मी लपवली आणि तीच साक्षीला उभी राहिली.

तोवर संस्था गेली होती. ऑगस्टच्या ४ तारखेला पैसे जमा झाले नाहीत. "सर्व्हर डाउन," म्हणाले. माझ्या खात्यात ७०० रुपये होते, हप्ता बाउन्स, त्यावर दंड. महिनाअखेरीस बाबांना तो फोन आला. सप्टेंबरच्या मध्यात सकाळी गेलो तर तिसऱ्या मजल्याला कुलूप. घरमालक म्हणाले, अकरा महिन्यांचा करार होता, डिपॉझिटसुद्धा मागायला आले नाहीत.

कर्जाचा करार मला मार्चमध्येच ईमेलवर आलेला होता. १९ पानं. मी तो डिसेंबरमध्ये उघडला. कर्जदार मी, रक्कम ९६ हजार, २४ हप्ते, पैसे थेट संस्थेच्या खात्यात. आणि आत एक कलम: संस्थेशी वाद झाला तरी कर्जदाराला हप्ते भरावेच लागतील. 'प्लेसमेंटनंतर' हा शब्द १९ पानांत कुठेही नाही. पहिल्या पानावर, म्हणजे ज्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात त्यावर, कूलिंग ऑफचे दिवस दिले होते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांमुळे ते द्यावेच लागतात. त्या दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय कर्ज सोडता येतं. पण मुद्दल संस्थेकडे गेलेलं, मग सोडणार कशाने? म्हणून खरी वेळ ओटीपी सांगायच्या आधीची. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हटलं की समजा, मधे कुणीतरी कर्ज देणारा बसलाय. त्याचं नाव तिथेच विचारा आणि रिझर्व्ह बँकेच्या एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्यांच्या) यादीत बघा. संस्था कंपनी आहे म्हणते तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाका. दोन मिनिटं लागतात. आमची तिथे नव्हतीच.

तक्रारींचं थोडक्यात सांगतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तो नंबर पैसे गेल्या गेल्या केला तर रक्कम अडवता येते, माझे जाऊन महिने झालेले. पोलीस ठाण्यात आम्ही अकरा जण गेलो (बाकीच्यांना घरी कळू द्यायचं नव्हतं). आधी "ही दिवाणी बाब आहे," मग अर्ज घेतला. आमचे प्रवेश मार्च २०२४ चे, म्हणून जुन्या दंड संहितेचंच ४२० कलम. १ जुलै २०२४ पासूनचे असते तर नव्या न्याय संहितेचं ३१८. चौकशी सुरू आहे. कर्जाच्या कंपनीला लेखी तक्रार दिली, ३० दिवस थांबलो, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. बाउन्सचा काही दंड माफ झाला, मुद्दल नाही. ग्राहक आयोगात, सिव्हिल लाइन्सला, तक्रार टाकली आहे. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकील लागतोच असं नाही. दोन वर्षांच्या आत मात्र टाकावी लागते. ते एक्सपिरियन्स लेटर मी तिथेही जोडलं. वकीलकाकांनी नको म्हटलं होतं. पण ते काढलं तर माझी गोष्ट अर्धी खोटी होते.

मध्यंतरी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींत नोकरीची हमी देण्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. आयटी पार्कच्या रस्त्यावर विजेच्या खांबांना '१०० टक्के जॉब'चे कागद अजून चिकटलेले आहेत.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार असं जाहीर केलं. त्याच संध्याकाळी जुन्या बॅचच्या ग्रुपवर एकाने नव्या क्लासची लिंक टाकली: मार्केट वाईट आहे, आता तरी स्किल वाढवा, फी प्लेसमेंटनंतर. मी विचारलं, "ओटीपी किती आले?" त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

मी सध्या मानेवाड्यात एका बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याकडे सपोर्टला आहे, १४ हजारांवर. दुकानदारांचे फोन घेतो, जीएसटीचं बिल का निघत नाही ते बघतो. पीएफ कापला जातो. बाबांनी दुकानाच्या उधारीच्या वहीत माझ्या नावाचं एक पान उघडलंय. हप्ता गेला की ५ तारखेला तिथे रेघ मारतात. मार्च २०२६ पर्यंतच्या ओळी त्यांनी आधीच आखून ठेवल्यात. जुलै २०२५ सरताना आठ उरल्या होत्या.