सकाळची गोळी की रात्रीची?

चिंतेच्या विकारासाठी मानसोपचारतज्ज्ञ एस्सिटालोप्रॅम लिहून देतात, चिठ्ठीवर दिवसातून एकदा अशी खूण करतात आणि वेळ विचारली तर ‘तुम्हाला सोयीची पडेल ती’ असे सांगतात. ज्याला आधीच प्रत्येक गोष्टीची काळजी वाटते, त्याच्यावर निवड सोपवण्याचा हा प्रकार आहे. मी पहिले सात आठवडे गोळी सकाळी घेतली आणि त्यानंतरचे जवळपास दीड वर्ष रात्री घेत आलो आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंबद्दल थोडे सांगता येईल. गोळी घ्यावी की नाही हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांकडे सुटलेला आहे, असे मी धरून चालतो.

सकाळच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा झोपेचा आहे. हे औषध काहींची झोप उडवते, म्हणून सुरुवात बहुधा सकाळीच करायला सांगतात. माझीही तशीच झाली: आधी 5 मिलिग्रॅम, दहा दिवसांनी 10. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत चिंता कमी होण्याऐवजी थोडी वाढते आणि खरा गुण यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, हे मला आधी सांगितले होते म्हणून मी टिकलो. ही बेचैनी मात्र सहन होण्यापलीकडे गेली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर वेळ बदलण्याचे प्रयोग न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पंचविशीच्या आतल्या रुग्णांच्या घरच्यांनी तर पहिले काही आठवडे विशेष लक्ष ठेवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

मळमळीच्या बाबतीत रात्र सरस वाटली. शरीरातले बहुतांश सेरोटोनिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे एक रसायन, आतड्यांत असते, त्यामुळे सेरोटोनिनवर चालणारे हे औषध पहिली कुरबूर पोटातच करते. हे जेवणाआधी किंवा नंतर कसेही चालते असे सांगतात, म्हणून मी पहिले तीन दिवस नुसत्या चहाबरोबर घेतले आणि दुकानाचे शटर उघडता उघडता तोंडाला पाणी सुटू लागले. चौथ्या दिवशी आईने कडक भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. एरवी ही भाकरी आम्ही आमटीत कुस्करून खातो, पण मळमळीवर ती कोरडीच, सावकाश चावून खाल्ली की पोट बऱ्यापैकी शांत होते. दहा-बारा दिवसांत मळमळ गेली. रात्री गोळी घेणाऱ्याची मळमळ निम्मीअधिक झोपेतच निघून जाते, हा त्या वेळेचा साधा फायदा.

घामाच्या बाबतीत दोन्ही वेळा सारख्याच. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा 40 च्या पुढे जातो, तेव्हा गोळीचा घाम कोणता आणि उन्हाचा कोणता हे ओळखणे अवघड असते. माझ्या मानेवर आणि टाळूवर रात्री पंख्याखालीही घाम येत असे, यावरून त्यात गोळीचा वाटा असावा असे वाटते. ताक आणि लिंबूपाणी यांवर मी निभावले. वयस्कर माणसांनी, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल त्यांनी, नुसते पाणी पीत सुटू नये. या औषधाने रक्तातले सोडियम उतरू शकते, आणि डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसली तर तपासणी करून घ्यावी.

आता ज्या गोष्टीमुळे माझा निर्णय झाला, तिच्याकडे येतो. ती गोष्ट म्हणजे जांभई. मळमळ, घाम, कोरडे तोंड यांबद्दल सगळे सावध करतात. जांभईबद्दल मला कुणी अवाक्षर काढले नव्हते. तिसऱ्या आठवड्यापासून दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान जबड्याचे सांधे वाजावेत अशा जांभया सुरू झाल्या. झोप आलेली नसे, सुस्तीही नसे; नुसती जांभई, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी नवी पेठेत चादरी आणि टॉवेलच्या दुकानात काउंटरवर असतो. गिऱ्हाइकासमोर जेकार्डची डबल चादर उलगडून, किनारीवरचा मोर दाखवत भाव सांगायच्या नेमक्या क्षणी तोंड उघडे पडे. लग्नाच्या आहेरासाठी चाळीस टॉवेल घ्यायला आलेल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, “राहू द्या दादा, तुम्हाला कंटाळा आला असेल तर आम्ही समोर बघतो.” आणि त्या खरोखरच समोर गेल्या. मालकांनी संध्याकाळी विचारले, “रात्रभर मोबाईल बघत बसता काय हो?” त्यांना काय सांगणार?

चिंतेच्या रुग्णाला जांभई ही नुसती जांभई राहत नाही, ही खरी पंचाईत. शरीराला प्राणवायू कमी पडत असेल, असे मी मनाशी ठरवून टाकले, कोरोनाच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटर कपाटातून शोधून काढले आणि गोदामात चादरींच्या गठ्ठ्यावर बसून बोटाला लावले. आकडा 98 आला. तरीही दुसऱ्या बोटाला लावून पाहिलेच. पुढच्या भेटीत डॉक्टर हसून म्हणाले, की जांभई हा या गोळीचा माहीत असलेला परिणाम आहे, त्यात धोका नाही, त्रास होत असेल तर वेळ बदलून बघू. गोळी घेतल्यावर साधारण पाच तासांनी रक्तातले प्रमाण सर्वाधिक असते. माझी गोळी आठची आणि जांभयांचा जोर एकचा. हिशेब मला तरी पटला.

वेळ बदलताना एकाच दिवशी दोन गोळ्या होऊ द्यायच्या नाहीत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी सोमवारी सकाळी शेवटची घेतली, मंगळवारची सकाळ सोडली आणि मंगळवारी रात्री जेवणानंतर घेतली. आठवड्याभरात दुपारच्या जांभया तुरळक झाल्या. अर्थात या औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे तीस तास लागतात, त्यामुळे काही दिवसांनी रक्तात त्याची पातळी दिवसभर जवळपास सारखीच राहते आणि वेळेचा फरक दिसतो तेवढा नसतो, असेही डॉक्टरांनी सांगितले. कदाचित जांभया तशाही थांबणारच असतील. हे मी नाकारत नाही.

रात्रीचीही किंमत आहे. झोप हलकी झाली आणि स्वप्ने फार ठळक पडू लागली. पहिल्या आठवड्यात रोज यंत्रमाग धडधडत असे, त्यावर सूत नसे आणि मी मात्र चादरी मोजत असे. बायकोने दोनदा हलवून उठवले, “अहो, झोपेत कोणाशी भांडता?” यावर उपाय असा सापडला, की गोळी अंथरुणावर पडताना न घेता साडेआठच्या जेवणानंतर लगेच घ्यायची. स्वप्ने थांबली नाहीत, पण पहाटे तीनला टक्क जाग येणे कमी झाले. तुमची झोप मुळातच तुटकी असेल, तर सकाळच बरी, हे मान्य करायला हवे.

विसरण्याचा धोका मला रात्री जास्त वाटला. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मुलांना घेऊन फिरताना सलग दोन रात्री गोळी राहिली, तर मान वळवताच डोक्यात विजेचा हलका झटका बसल्यासारखे होऊ लागले. चुकलेली गोळी आठवेल तेव्हा घ्यावी, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी. मनानेच बंद मात्र कधीही करू नये.

वेळ बदलून सुटत नाहीत अशाही तक्रारी आहेत. कामेच्छा मंदावणे किंवा स्खलन लांबणे ही त्यांतली मुख्य. संकोच न करता डॉक्टरांना सांगावे, कारण त्यावर मात्रा किंवा औषध बदलण्याचा मार्ग असतो. अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नये, या जोडीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. औषध वेगळे असेल तर माझा हिशेब तसाच लागू होणार नाही: फ्लुओक्सेटिन तरतरी आणते म्हणून सहसा सकाळी देतात, पॅरोक्सेटिन पुष्कळांना सुस्ती आणते. सर्ट्रालिनवर पोट ढिले होण्याची तक्रार अधिक असते, तेव्हा सकाळी लवकर एसटी किंवा रेल्वे गाठणाऱ्याने तेवढा विचार करावा.

ज्याला दिवसभर लोकांसमोर उभे राहून बोलायचे आहे, त्याने डॉक्टरांना विचारून एकदा रात्रीची वेळ दोन-तीन आठवडे करून पाहायला हरकत नसावी. माझी स्ट्रिप सध्या शेंगाचटणीच्या बरणीशेजारी, वरच्या फळीवर असते. बरणी काढायला हात गेला की ती दिसते, आणि गड्ड्यानंतर एकही रात्र चुकलेली नाही.