जुनं सेसना घेताय? आधी फॉर्म ३३७ मागा

अमेरिकेत जुनं विमान घेऊ पाहणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितोय. टेक्सासमध्ये मी १९७४ चं सेसना १७२एम ७८,५०० डॉलरला घेतलं. पंखांच्या पुढच्या कडेला एसटीओएल किट (छोट्या धावपट्टीवर उडता-उतरता यावं म्हणून), सामानाच्या जागेत जादा इंधनाची टाकी. जाहिरातीत हेच मिरवलं होतं. कागद दोन्हींचे नव्हते.

पहिल्याच वार्षिक तपासणीत माझ्या मेकॅनिकने सही नाकारली. लॉगबुकात नुसतं "किट बसवले". एसटीसी, म्हणजे बदलाच्या डिझाइनला मिळालेली सरकारी मंजुरी, तिचा नंबर नाही. फॉर्म ३३७, म्हणजे मोठ्या बदलाची सरकारी नोंद, तोही नाही. ओक्लाहोमा सिटीच्या सरकारी विमान नोंदणी कार्यालयातून विमानाचा रेकॉर्ड मागवला, त्यातही नाही. त्याला १० डॉलर पडतात. सौद्याआधीच मागवा!

सौद्याआधी पाहिलेला विमानाच्या वजनाचा कागद डोळ्यांपुढून हलत नाही. रिकाम्या विमानाचं वजन १९७४ मध्ये कारखान्याने लिहिलेलं, तेच्या तेच. टाकी बसली, किट बसलं, रेडिओ बदलले आणि वजन एका पौंडानेही वाढलं नाही? आकडा माझ्या समोर होता आणि मी पान उलटलं. पण दरवर्षीच्या तपासणीवर परवानाधारक मेकॅनिकांच्या सह्या होत्या, त्यांच्यावर कोण संशय घेईल? खरेदीपूर्व तपासणीचे ६५० डॉलरही मी मोजले होते. तो मेकॅनिक विकणाऱ्याने सुचवलेला, त्याचा जुना मित्र निघाला. मेकॅनिक आपला आपण शोधा, दुसऱ्या विमानतळावरचा.

तक्रार केली तर सरकारी विमान वाहतूक खात्याच्या (एफएए) कार्यालयाचं उत्तर: "हा तुमचा आपसातला व्यवहार." मोठ्या बदलांचे कागद विकताना नव्या मालकाला द्यायचे, हा नियम. सामानाच्या जागेत टाकी असेल तर फॉर्म ३३७ ची प्रत विमानातच ठेवायची, हाही नियम. दोन्ही दाखवले, तर "वकील गाठा". विमान उड्डाणयोग्य ठेवणं मालकाची जबाबदारी, एवढा एकच नियम त्यांना पाठ, कारण मालक आता मी! फील्ड अप्रूव्हल, म्हणजे या एका विमानापुरती बदलाला मंजुरी, मागितलं तर म्हणे तांत्रिक माहिती आणा. किट बनवणारी कंपनी बंद पडलीय, आणू कुठून? आणि डोळे मिटून सह्या ठोकणाऱ्यांना एका शब्दानेही कुणी विचारलं नाही.

वकिलाने ४०० डॉलर घेऊन करारातले "आहे त्या स्थितीत" हे शब्द दाखवले. हे शब्द दिसले तर सही करू नका.

टाकी-किट काढणं, पंखांचा पत्रा, नव्याने वजन: १३,२४० डॉलर. विकणारा फोन उचलत नाही. सध्या तो एक जुनं चेरोकी विमान विकतोय, तेही जादा टाकीवालं.