पाडव्याला ओवाळलेली गाडी जानेवारीत ओढून नेली

हे लिहायला मला तीन महिने लागले. घरातले म्हणत होते, गेले ते गेले, चारचौघांत कशाला सांगायचं. पण मागच्या आठवड्यात गिरणीवर दळण घेऊन आलेल्या एक ताई सांगत होत्या, सुट्टीत मुलांना घेऊन कोकणात जायचंय आणि येताना कोल्हापुरात लेकासाठी एक सेकंडहँड गाडी बघून ठेवलीय, तीही घेऊन यायचीय. मी त्यांना स्टुलावर बसवलं, चक्की बंद केली आणि सगळं सांगितलं. ऐकताना त्या दोनदा म्हणाल्या, "अहो, आम्हीपण हेच केलं असतं."

आमची सोलापुरात पिठाची गिरणी आहे. थोरला लेक ऑगस्ट २०२४ मध्ये अठरा वर्षांचा झाला. पॉलिटेक्निक घरापासून चौदा किलोमीटर, सिटी बसचा भरवसा नाही. गाडी हवी असं तो अकरावीपासून म्हणत होता, पण आम्ही थांबलो. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीपासून आईबापाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या गल्लीत पंधरा-सोळाची पोरं गाड्या उडवतात, तरी आम्ही ऐकलं नाही. लर्निंग, मग पक्कं लायसन्स, सगळं रीतसर केलं. एवढं रीतसर वागणारी माणसं पुढे कशी फसली, हेच मला सांगायचंय.

दिवाळीला आम्ही कोल्हापूरला नणंदेकडे गेलो. शुक्रवारी लक्ष्मीपूजन झालं, शनिवारी २ नोव्हेंबरला पाडवा, रविवारी भाऊबीज. अंबाबाईचं दर्शन, एक दिवस जोतिबा आणि पन्हाळा, आणि सोमवारी गिरणी उघडायची म्हणून रविवारी रात्री परत, असा बेत. त्यात भाच्याने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. १२५ सीसीची होंडा शाइन, मार्च २०२३ चं पासिंग, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरचाच नंबर, एकोणीस हजार किलोमीटर, किंमत अडुसष्ट हजार. फोटोत गाडी एका निळ्या शटरसमोर उभी होती. लेकाचा चेहरा बघून मी काय ते समजले. सासूबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, माझ्या पोस्टातले पंचवीस हजार घाला, नातवाला पाडव्याला गाडी येऊ दे. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, लेकाची पहिली गाडी, सगळं कुटुंब एकत्र. नको म्हणायला कुणाचीच जीभ वळली नाही.

विकणारा पस्तिशीचा, बोलायला अतिशय गोड. फुलेवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंद दुकानासमोर त्याने बोलावलं. "वैनी, काय काळजी करू नकासा, गाडी शोरूमवानी हाय. मावसभावाची हाय, त्यो दुबईला गेला, म्हणून काढायची." घर कुठे विचारलं तर हाताने मागे दाखवलं, "हितंच की." पण घरी या, चहा घ्या, असं काही म्हणाला नाही. सणाच्या दिवशी कोल्हापूरचा माणूस दारात आलेल्याला चहा विचारत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आमचे दाजी, म्हणजे नणंदेचे यजमान, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेन्टेनन्सला आहेत. लोखंड कळणारा माणूस. त्यांनी गाडी अक्षरशः उलटीपालटी केली. तेलाची काडी काढून बोटावर तेल घासून बघितलं. हँडलच्या मानेजवळ फडक्याने पुसून चेसिस नंबर आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी, एकेक आकडा लावून ताडला, इंजिन नंबरही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते त्यांनी लेकाला दाखवले, ०४२३ होते, म्हणजे टायर गाडीबरोबरचेच. एकोणीस हजाराला शोभतील एवढेच झिजलेले. फूटरेस्टचं रबर, ब्रेकची पट्टी, चेन, कुठेच खोट नाही. चक्कर मारून आले आणि ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी चोख आहे. घ्या."

गाडी खरोखरच चोख होती. आमचा घात तिथेच झाला. सेकंडहँड गाडी घ्यायची तर मेकॅनिक बरोबर न्या, असं जो तो सांगतो. आम्ही नेला. लोखंडात काही सापडलं नाही म्हटल्यावर कागदात काही असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही.

तरी लेकाने त्याच्या परीने बघितलं होतं. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर त्यात एका फायनान्स कंपनीचं नाव होतं, म्हणजे गाडीवर कर्जाचा बोजा. त्याने विचारल्यावर तो माणूस जराही गडबडला नाही. पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली. त्यात आरसी, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३०, मूळ मालकाच्या आधारची झेरॉक्स, आणि कंपनीच्या लेटरहेडवर शिक्क्यासह एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र, आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. "लोन कवाच भरलंय. ऑनलाइनला निघायला येळ लागतो. शंका असंल तर हा नंबर हाय की कंपनीचा, करा फोन." लेकाने पत्रावरच्या मोबाईल नंबरला फोन केला. पलीकडच्या बाईने गाडीचा नंबर विचारला, थोडं थांबायला लावलं आणि सांगितलं, "हो सर, अकाउंट क्लोज आहे." आमचं समाधान झालं.

पाडव्याचा दिवस, त्यात शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. त्या वेळी फायनान्स कंपनीच्या ऑफिसात फोन उचलायला कोण बसलं होतं? हा प्रश्न मला जानेवारीत पडला. तेव्हा नाही पडला. पत्रही त्याचं, पत्रावरचा नंबरही त्याचा आणि फोन उचलणारी बाईही त्याचीच.

बासष्ट हजाराला सौदा ठरला. दहा हजार इसार आम्ही मोबाईलवरून दिले. नाव भलत्याच बाईचं आलं, तर म्हणाला, "बायकोचं खातं हाय." उरलेले बावन्न हजार त्याने रोखच मागितले, "पाडव्याची लक्ष्मी हातात द्या वैनी." रात्री दोन एटीएम फिरून आणि दाजींकडून पंधरा घेऊन आम्ही ते जमवले. पावती म्हणून स्टॅम्पवर आधीच टाइप केलेला विक्रीचा कागद मिळाला. त्यावर मूळ मालकाची सही होती, विकणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मी तो कागद तेव्हा वाचला होता. वाचूनही मला ते दिसलं नाही.

नणंदेने दारात गाडी ओवाळली, हेडलाइटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. रविवारी बापलेक गाडीवर आणि आम्ही एसटीने मिरज-सांगोला-मंगळवेढा करत सोलापूरला आलो. लेकाने वाटेत तीनदा थांबून फोन केला, आई, गाडी किती मऊ चालते म्हणून सांगायला.

नावावर करायला आठवड्यातच एजंटकडे फाइल दिली. त्याने चार दिवसांनी सांगितलं, बोजा उतरल्याशिवाय ट्रान्सफर होणार नाही, आणि मूळ मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जाणार, तो माणूस हवा. विकणाऱ्याला फोन केला तर "मालकाला सांगतो, दोन दिस थांबा." मग डिसेंबरभर नुसतं दोन दिस, दोन दिस. नाताळानंतर फोन बंद. मला झोप लागेना. ह्यांनी समजूत काढली, गाडी तर आपल्या दारात आहे ना.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी कॉलेज सुटताना तीन माणसं लेकाची वाट बघत उभी होती. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. फायनान्स कंपनीचं पत्र दाखवलं, थकलेल्या हप्त्यांचा हिशेब दाखवला, चावी मागितली. गाडीत काय काय आहे त्याची यादी करून त्यावर लेकाची सही घेतली. वर्गातली सगळी पोरं बघत होती. त्या तीन माणसांपैकी एकाने जाताना लेकाला गाडीला अडकवलेलं हेल्मेट काढून परत दिलं. ते हेल्मेट हातात घेऊन तो चौदा किलोमीटर चालत आला, बसने नाही. घरी येऊन मला म्हणाला, "आई, मी चोरीची गाडी चालवत होतो असं सगळ्यांना वाटलं असेल." बासष्ट हजारांपेक्षा हे वाक्य मला जड गेलं.

कंपनीच्या सोलापुरातल्या शाखेत गेलो. तिथल्या माणसाने आमची एनओसी हातात घेतली आणि लगेच सांगितलं, शिक्का आमचा नाही, कागदही आमचा नाही. छत्तीस हप्त्यांपैकी पाचच भरले गेले होते. गाडी सोडवायची तर दंड-व्याजासह एकाहत्तर हजार भरा. म्हणजे गाडी पुन्हा विकत घ्या, तीही जास्त किमतीला. हे तयार झाले होते, मी नाही म्हटलं.

मग आम्ही आरसीवरच्या पत्त्यावर गेलो, हातकणंगले तालुक्यातल्या एका वस्तीवर. दुबई वगैरे काही नाही. मूळ मालक वीटभट्टीवर कामाला. कुणीतरी पाच हजार रुपये हातावर ठेवून त्याचं आधार, पॅन आणि फोटो नेले होते, चार-पाच ठिकाणी सह्या घेतल्या होत्या. त्याच्या नावावर गाडी निघालीय हे त्याला वसुलीवाले दारात आल्यावर कळलं. त्याच्या म्हाताऱ्या आईने आम्हालाही वसुलीवालेच समजून हात जोडले. मी तिच्या शेजारी बसले, पण काय बोलावं सुचेना. फॉर्मवरच्या सह्या दाखवल्या तर त्याने मान हलवली. तो स्वतःचं नाव मोडक्या अक्षरांत लिहितो, फॉर्मवरची सही फर्ड्या इंग्रजीत होती.

पोलिसांत तक्रार दिलीय, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेलाय. गुन्हा कोल्हापूरचा, तिकडे जा, असं सुरुवातीला ऐकावं लागलं. तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, ती मग योग्य ठाण्याकडे वर्ग होते, हे आम्हाला एका वकिलांनी सांगितलं. तुम्हाला परत पाठवलं तर ऐकू नका. तपासात आमच्या बाजूने पुरावा काय, तर मोबाईलवरून दिलेले दहा हजार. बावन्न हजार आम्ही दिले याचा एकही कागद आमच्याकडे नाही.

त्या ताईंना मी जे सांगितलं तेच इथे सांगते. गाडी फिरायला गेलेल्या गावात बघा हवी तर, पण त्याच फेरीत आणू नका. सुट्टीच्या दिवशी तर नाहीच. आरटीओ, बँक, फायनान्स, सगळं बंद असताना तुम्हाला फक्त विकणाऱ्याच्या शब्दावर चालावं लागतं, आणि त्याला ते माहीत असतं. ॲपवर बोजा दिसत असेल तर एनओसीचा कागद कितीही शिक्क्यांचा असो, आधी आरटीओच्या नोंदीतून बोजा उतरू द्या, मग पैसे. कंपनीला फोन करायचा तर नंबर स्वतः शोधा, शक्य तर जवळच्या शाखेत कामाच्या दिवशी जाऊन विचारा. आरसीवर ज्याचं नाव तो माणूस समोर हवा, पैसे त्याच्याच खात्यात. तो दुबईला असेल तर तो येईपर्यंत गाडी तिथेच राहू दे.

फेब्रुवारीत भाच्याने पुन्हा एक फोटो पाठवला. जाहिरात नवी, विकणाऱ्याचं नाव वेगळं, गाडी वेगळी, तीही एमएच ०९. मागे तेच निळं शटर, उजव्या कोपऱ्यात पत्रा फाटलेलं. आम्ही तो फोटो तपास अधिकाऱ्यांना दिला, जाहिरात दोन दिवसांत गायब झाली. शटर अजून तिथेच आहे. कुणाच्या मोबाईलवर त्याच्यासमोर उभी केलेली गाडी आली, तर तिकडे जाऊ नका, फोटो जपून ठेवा आणि पोलिसांना दाखवा.