चेरीखाली साखरपुड्याचे फोटो: वॉशिंग्टन की न्यूअर्क?

‘साखरपुड्याचे फोटो चेरी ब्लॉसममध्ये काढायचेत,’ असं भाच्याने घरच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा पुण्याहून ताईने विचारलं, ‘बूट पॉलिशच्या कारखान्यात?’ तिचं काय चुकलं? आमच्या पिढीला चेरी ब्लॉसम म्हणजे शाळेच्या बुटांची ती चपटी डबी. पोरांच्या मनात मात्र चेरीच्या झाडांचा बहर होता. ती अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात आणि त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. चार तास गाडी हाकून वॉशिंग्टनचं टायडल बेसिन, म्हणजे चेरीच्या झाडांनी वेढलेलं तिथलं तळं, गाठायचं, की पाऊण तासावरच्या न्यूअर्कच्या ब्रँच ब्रूक पार्कमध्ये जायचं? पदर सावरायला आणि बॅगा धरायला मी दोन्हीकडे जाऊन आले आहे, म्हणून लिहिते.

नाव वॉशिंग्टनचं मोठं. 1912 मध्ये टोकियोच्या महापौरांनी भेट म्हणून पाठवलेली 3,020 झाडं तिथे लागली. त्याआधी 1910 मध्ये आलेली 2,000 झाडं कीड निघाल्यामुळे जाळावी लागली होती. न्यूअर्कची बाग तेवढी गाजलेली नाही. तिथे 1927 मध्ये कॅरोलिन बॅम्बर्गर फुल्ड या बाईंनी दोन हजारांवर झाडं दिली. आज मात्र ती पाच हजारांच्या वर आहेत, म्हणजे वॉशिंग्टनपेक्षा जास्त. हे सांगितलं की न्यू जर्सीत वीस वर्षं काढलेली माणसंही ‘काय सांगता!’ म्हणतात.

पण निवड झाडांच्या संख्येवर करू नका, तारखेवर करा. बेसिनच्या काठची बहुतेक झाडं योशिनो जातीची आहेत, फिकट, जवळजवळ पांढऱ्या फुलांची. ती एकदम फुलतात आणि एकदम जातात. सत्तर टक्के फुलं उमलली की तिथली पार्क सर्व्हिस ‘पीक ब्लूम’ जाहीर करते. तो साधारण मार्चच्या शेवटच्या किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण 1990 मध्ये 15 मार्चलाच आला होता आणि 1958 मध्ये थेट 18 एप्रिलला. ऐन बहर चार ते सात दिवसांचा, त्यात एक वादळी पाऊस झाला की खेळ खलास. आता फोटोग्राफर जानेवारीत ठरवलेला, हॉटेलचे पैसे भरलेले, भारतातून आईवडील आलेले, आणि झाडावर नुसत्या कळ्या! एका मैत्रिणीच्या मुलीचं अगदी हेच झालं. सगळ्या फोटोंत मागे तपकिरी काड्या आहेत.

न्यूअर्कला हा धोका कमी. तिथे सुमारे अठरा जाती आहेत आणि त्या मागेपुढे फुलतात. एप्रिलच्या मधल्या दिवसांत गेलात तर या ना त्या कोपऱ्यात बहर सापडतोच. शिवाय घर जवळ, त्यामुळे ‘आज नाही, गुरुवारी जाऊ’ म्हणता येतं. माझ्या मते इथेच निम्मा निर्णय झाला.

उरलेला निम्मा फोटोत मागे काय हवं त्यावर. पाणी, पाण्यात पडलेलं फुलांचं प्रतिबिंब आणि पलीकडे जेफरसन मेमोरियल या स्मारकाचा पांढरा घुमट, हे न्यूअर्कला मिळणार नाही. तिथे झाडांच्या वर सेक्रेड हार्ट कॅथीड्रलचे मनोरे दिसतात. छानच आहेत, पण तो घुमट तो घुमटच. मात्र त्यासाठी सूर्योदयाआधी, म्हणजे सातच्या आत, काठावर उभं राहावं लागतं. ट्रायपॉडवाले आधीच रांग लावून असतात. थंडी अशी की नेसवताना पिना बोटांतून सुटतात. साडी हॉटेलवरच नेसून निघा, काठाशी कपडे बदलायला आडोसा नाही. आत थर्मल घाला, पोलक्याचे हात लांब शिवून घ्या. आणखी एक गोष्ट म्हणजे 2024 पासून बेसिनच्या दगडी भिंतीचं काम निघालं आणि त्यात दीडशेवर चेरीची झाडं गेली. कुंपण अजून आहे का, आणि असलं तर कुठे, ते आधी पाहून घ्या.

रंगाचं सांगते. योशिनोखाली फिकट गुलाबी साडी नेसलेली मुलगी फोटोत विरघळून जाते. जांभळी किंवा गडद हिरवी पैठणी उठून दिसते. उशिरा फुलणाऱ्या क्वानझान जातीच्या चेरीचा रंग गडद गुलाबी, तिथे राणी रंग टाळा, मोतिया घ्या.

आजी-आजोबा सोबत असतील तर दुसरा विचारच नको, न्यूअर्क. बागेतून रस्ता जातो, गुडघे दुखले की गाडीत बसता येतं. बेसिनला दोन मैलांची प्रदक्षिणा आणि पार्किंगच्या नावाने शंख. फक्त न्यूअर्कला फुलांच्या जत्रेचा रविवार टाळा. आणि दोन्हीकडे फांदी ओढून कानाशी धरण्याची हौस आवरा, फुलं तोडायला मनाई आहे.

भाच्याने न्यूअर्क धरलं, मंगळवारी सकाळी. त्याच्या होणाऱ्या बायकोला घुमट हवा होता, ती अजून थोडी घुश्शात आहे. तुम्हालाही घुमटच हवा असेल तर खुशाल वॉशिंग्टनला जा, पण फोटोग्राफरला पहिल्याच मेलमध्ये दोन गोष्टी विचारा. बहराप्रमाणे तारीख पुढेमागे केली तर जादा पैसे पडतील का, आणि जागेचा परवाना लागला तर तो कोण काढणार? दोन्ही उत्तरं लेखी घ्या.