मोठ्या इमारतींसाठी हीट पंपाचे प्रशिक्षण : बडोद्यातले तीन दिवस

बडोद्यातील एका दीडशे खाटांच्या रुग्णालयाचा देखभाल विभाग माझ्याकडे आहे. आमच्या गच्चीवर हवेतून उष्णता घेणारा पन्नास किलोवॉटचा हीट पंप असून त्यावर रोज सुमारे दहा हजार लिटर पाणी तापते. एवढे पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी साधारण ४०७ युनिट उष्णता लागते. साध्या हीटरवर जवळपास तेवढीच वीज खर्च होईल; हीट पंपाचा सीओपी, म्हणजे एक युनिट विजेवर मिळणारी उष्णता, तीन युनिट मिळाला, तर १३६ युनिटांत काम भागते. मात्र हा हिशेब यंत्र नीट चालले तरच खरा ठरतो, आणि ते नीट चालवणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत. म्हणून आमच्या ऑपरेटरांनी आणि मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका खासगी केंद्राचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतले.

यामागे गेल्या जानेवारीतला एक अनुभव होता. आतल्या गॅसचा दाब वाढून पंप वारंवार ट्रिप होत असे, म्हणजे आपोआप बंद पडत असे. बोलावलेल्या मेकॅनिकने गॅस जास्त झाल्याचे सांगून थोडा काढला, आठवड्याने कमी पडला म्हणून पुन्हा भरला, आणि दोन्ही वेळचे बिल आम्ही चुकते केले. त्या दिवसांत प्रसूती विभागात सकाळी गार पाणी गेले, याचे मला अजून वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या प्रात्यक्षिकाने त्या प्रकाराचा उलगडा झाला, आणि एवढ्यासाठीच संपूर्ण फी वसूल झाली, असे माझे मत आहे. केंद्रात दहा किलोवॉटचा चालू पंप बसवलेला आहे. प्रशिक्षकांनी गॅसच्या बाजूला हात न लावता आमच्या ऑपरेटरांना पाण्याचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करायला सांगितले. फ्लोमीटर मिनिटाला २९ लिटरवरून १३ लिटरवर आला, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यातला फरक पाच अंशांवरून अकरा अंशांवर गेला, प्रेशर गेजचा काटा चढत राहिला आणि थोड्याच वेळात यंत्र ट्रिप झाले. पाणी कमी पडले की कंडेन्सरमधली, म्हणजे गॅस पाण्याला उष्णता देतो त्या भागातली, उष्णता बाहेर निघत नाही आणि दाब वाढतो, ही गोष्ट ऑपरेटरांनी स्वतःच्या हाताने अनुभवली. आमच्या पन्नास किलोवॉटला पाच अंशांच्या फरकासाठी मिनिटाला सुमारे १४३ लिटर पाणी हवे, हा आकडाही त्यांनी तिथेच मांडून काढला. परत आल्यावर पहिल्याच सकाळी आम्ही स्ट्रेनर, म्हणजे पाण्याच्या लाइनमधला गाळ अडवणारी जाळी, उघडला, तर जाळीत क्षारांचे पांढरे पापुद्रे आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे गच्च बसले होते.

बसवणीचा भागही चांगला आहे. ब्रेझिंग, म्हणजे तांब्याच्या पाइपांचे जोड वितळत्या धातूने भरणे, करताना पाइपातून नायट्रोजन सोडणे, गळतीची चाचणी नायट्रोजननेच घेणे आणि ऑक्सिजन चुकूनही न वापरणे, गॅस भरण्यापूर्वी पाइपातला व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (इथे हे दाबाचे एकक आहे) खाली नेऊन व्हॅक्यूम पंप बंद केल्यावर तो टिकतो का ते पाहणे, हे सगळे करवून घेतात. विजेच्या तीन फेजांचा क्रम उलटा लागला तर स्क्रोल कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा भाग) आवाज करत फिरतो, पण दाब तयार होत नाही, हेही सांगितले गेले.

उणिवा सांगणे भाग आहे. रुग्णालय, वसतिगृह किंवा हॉटेल यांसाठी लिजिओनेला, म्हणजे पाण्यात वाढून फुप्फुसाचा गंभीर आजार करणारा जीवाणू, हा जिवाशी संबंधित विषय आहे. हा जीवाणू २० ते ४५ अंशांत वाढतो, म्हणून टाकीतले पाणी ६० अंशांवर आणि परतीची लाइन ५० अंशांवर ठेवावी लागते, आणि वीज वाचवण्यासाठी सेटिंग ४५ वर आणणे धोक्याचे असते. यासाठी तीन दिवसांत जेमतेम दहा मिनिटे मिळाली. रेफ्रिजरंटचे, म्हणजे पंपात फिरणाऱ्या गॅसचेही, तेच झाले. किगाली या आंतरराष्ट्रीय करारानुसार भारताला २०२८ पासून एचएफसींचा, म्हणजे तापमान वाढवणाऱ्या अशा गॅसांचा, वापर ठरलेल्या पातळीवर गोठवायचा आहे. आर-४१०ए या गॅसचा तापमानवाढ निर्देशांक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापमान वाढवतो तो आकडा) २०८८ आहे, आर-३२ चा ६७५ आणि आर-२९० म्हणजे प्रोपेनचा अवघा ३. पण आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि प्रोपेन तर सहज पेटतो, तेव्हा उद्या गच्चीवर ती यंत्रे आली की गळती कशी हाताळायची, हे आजच शिकवायला हवे.

सर्वांत मोठी अडचण भाषेची आहे. प्रशिक्षक गुजरातीत आणि हिंदीत उत्तम समजावतात, चहाच्या सुट्टीत आमच्याशी मराठीतही बोलले, परंतु हातात दिलेली जाड पुस्तिका पूर्ण इंग्रजीत आहे. रात्रपाळीत एकटा असलेला ऑपरेटर फॉल्ट कोड दिसल्यावर ती कशी वाचणार? ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन उभे करून कारागिरांच्या हाती तंत्रविद्या दिली, तिथे निदान रीडिंगचा तक्ता आणि फॉल्ट कोडची यादी गुजराती आणि मराठीत मिळावी, अशी लेखी विनंती मी केंद्राला केली आहे.

नवा पंप बसवणार असाल, तर यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी हे प्रशिक्षण घ्यावे, कारण टाकीचा आकार, पाइपाचा व्यास आणि गच्चीवरची मोकळी जागा नंतर बदलता येत नाही. जाताना आपल्या यंत्राचे मॅन्युअल आणि महिनाभराचे रीडिंग सोबत न्यावे. शेवटच्या दिवशी प्रशिक्षक प्रत्येकाचे कागद घेऊन बसतात. व्यवस्थापकाने एकट्याने जाऊ नये, ऑपरेटरला सोबत न्यावेच. आमचे दुसरे ऑपरेटर पुढच्या बॅचला जात आहेत.